रसमड्याची हजेरी

तेजराम कापगते यांना स्टील प्लांटमधून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, आणि सरकारी नोंदीनुसार दुसऱ्या नोकरीला लागून वर्ष होत आलं होतं. यातली दुसरी बातमी त्यांना जुलैतल्या एका मंगळवारी, हुडको वसाहतीतल्या स्वतःच्या घरी, पोहे खाताना कळली. मुलगी भूमिका त्यांचं आयकराचं रिटर्न भरायला लॅपटॉप उघडून बसली होती. तिनं पडद्यावरून मान वर केली आणि बापाकडे जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं.

“पापा, आप रसमडा में जॉब कर रहे हो क्या?”

“कुठं?”

“रसमडा. कास्टिंग की कोई कंपनी है. मागच्या ऑगस्टपासून मार्चपर्यंत तुमचा पगार दिसून राहिला. महिन्याचे साडेअठरा हजार.”

तेजराम हसले. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सिंधुताई हसल्या नाहीत. त्यांनी झारा खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि त्या बाहेर आल्या.

“रोज सकाळी नऊ ते बारा कुठं जाता तुमी?”

“फिराले जातो. तुले माहीत नाही का?”

“तीन तास?”

“मंग बागेत बसतो जरा.”

“महिन्याचे साडेअठरा हजार,” सिंधुताई स्वतःशीच म्हणाल्या. “अन् मी दोन महिन्यांपासून कुकरची रबर मागून राहिली.”

“अवं, मी नोकरी करून नाही राहिलो.”

“मंग सरकारनं काय खोटं लिवलं?”

चौतीस वर्षं तेजरामांनी घरात हेच शिकवलं होतं. जे रजिस्टरात लिहिलं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा. मेंटेनन्सचे पाळीप्रमुख म्हणून त्यांनी माणसं तोंड पाहून नव्हे, रजिस्टर पाहून ओळखली होती. आता रजिस्टरानं त्यांनाच ओळख दाखवायला नकार दिला, तेव्हा त्यांनी पोह्यांची बशी बाजूला सारली.

भूमिकानं समजावून सांगितलं. कोणीतरी त्यांचा पॅन नंबर चोरला होता. कागदावर खोटे नोकर दाखवायचे, त्यांचा पगार खर्चात टाकायचा आणि आपला कर वाचवायचा, असा हा उद्योग. तेजरामांनी गप्प बसून राहायचं ठरवलं, तर उत्पन्न लपवल्याची नोटीस त्यांनाच येणार. मान्य केलं, तर न मिळालेल्या पगाराचा कर त्यांनीच भरायचा.

“पॅन किसको दिया था आपने?” तिनं विचारलं.

हा प्रश्न तेजरामांच्या मनाला लागला. पॅन द्यायचा नाही, लिंक दाबायची नाही, ओटीपी सांगायचा नाही, हे जुन्या पाळीच्या एकवीस माणसांना रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर सांगणारा माणूस तेच होते. नुसतं सांगून ते थांबले नव्हते. त्यांनी पाटी केली होती.

ती पाटी समजायला प्लांटची रीत माहीत हवी. यंत्राच्या दुरुस्तीला आत शिरताना प्रत्येक कामगार स्विचजवळच्या फळीवर आपल्या नावाचा बिल्ला अडकवतो. बाहेर आला की स्वतःच्या हातानं काढतो. फळीवर एकही बिल्ला लटकत असला तर यंत्र सुरू होत नाही, आणि ज्यानं अडकवला त्याच्याशिवाय दुसऱ्यानं तो काढायचा नाही. या रीतीनं शेकडो माणसं वाचली आहेत. तेव्हा हीच रीत आयकरालाही लावावी, असं तेजरामांना वाटलं. त्यांनी व्हरांड्यात फळी ठोकली, स्वतःचा धरून बावीस खिळे मारले आणि फर्मान काढलं. ज्याचं रिटर्न भरायचं बाकी आहे, त्यानं पॅन आणि आधारची झेरॉक्स आपल्या खिळ्याला लटकवावी, भरून झालं की स्वतः येऊन काढावी. खिळा मोकळा म्हणजे माणूस सुखरूप.

गेल्या जुलैत बावीसच्या बावीस खिळे भरले होते, तेव्हा एक फोन आला होता. आवाज फार सभ्य होता. आपण लोकांना फसवणुकीपासून वाचवता हे आमच्या सुरक्षा कक्षाच्या कानावर आलं आहे, आपल्याला ‘सुरक्षा मित्र’ म्हणून प्रमाणपत्र द्यायचं आहे, फक्त आपल्या कामाचा एक फोटो पाठवा, असं तो म्हणाला. वर “ओटीपी किसी को मत दीजिएगा, हमें भी नहीं” असंही बजावलं. इतका प्रामाणिक माणूस तेजरामांना सरकारात पूर्वी भेटला नव्हता. त्यांनी फळी पुसली, पांढरा शर्ट घातला आणि फळीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. अक्षरं नीट दिसत नाहीत असा निरोप आला, तेव्हा जवळून आणखी चार काढले. प्रमाणपत्र आलं. ते त्यांनी लॅमिनेशन करून बैठकीत लावलं होतं, आणि आत्ता भूमिका त्याच्याच खाली बसून बापाला विचारत होती की पॅन कोणाला दिला.

“कोणालेच नाही,” तेजराम ठामपणे म्हणाले.

दुपारी त्यांनी स्कूटर काढली आणि ते रसमड्याला निघाले. निघताना सिंधुताईंनी डबा भरून दिला. “कामावर चालले तं उपाशी कावून जाता,” एवढंच त्या म्हणाल्या.

रसमड्यात कारखाने पुष्कळ. धूर, ट्रक, भोंगे, सगळं होतं. भूमिकानं लिहून दिलेल्या पत्त्यावर यातलं काहीच नव्हतं. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही, कारण फाटकावरच्या पाटीवर एकावर एक तीन नावं रंगवलेली होती आणि तिन्ही दिसत होती. फाटकाचा लहान दरवाजा उघडा होता. आत मोठी शेड, थंड भट्टी, आणि ओतकामाच्या साच्यांमधून गुडघाभर वाढलेलं गवत. शेजारच्या कारखान्याचा धडधडाट इथं भिंतीपाशी येऊन अचानक थांबल्यासारखा वाटत होता. शेडच्या बाहेरच्या भिंतीवर पिवळी हेल्मेटं ओळीनं टांगलेली होती. तेजरामांनी सवयीनं मोजली. बावीस.

घड्याळात दोन वाजले होते. दुसऱ्या पाळीची वेळ. आतून आवाज आला.

“प्रेमानंद भोयर.”

“हाजिर,” कोणीतरी बारीक आवाजात म्हणालं.

तेजराम जागच्या जागी थबकले. प्रेमानंद भोयर त्यांच्या शेजारच्या घरात राहत होता आणि आत्ता तिथं दुपारची झोप काढत होता. त्याचं घोरणं ते स्वतः ऐकून आले होते. आतली हजेरी पुढं चालू राहिली. एकेक नाव त्यांच्या पाळीतलं. एकेक ‘हाजिर’ निराळ्या आवाजात, कुणी खोकून, कुणी कंटाळून.

“पुंडलिक नाकाडे.”

“हाजिर, साहब,” एक घोगरा, दणदणीत आवाज म्हणाला.

तेजरामांच्या हातातला डबा खाली पडला नाही, कारण तो त्यांनी छातीशी घट्ट धरला होता. पुंडलिकला जाऊन पुढच्या गुरुवारी वर्ष होणार होतं. त्याच्या तिरडीला त्यांनी खांदा दिला होता. त्यांचे पाय परत फिरायला सांगत होते, पण चौतीस वर्षांची सवय म्हणत होती की हजेरी चालू असताना हलायचं नाही. ते उभे राहिले. नावं संपत आली.

“तेजराम कापगते.”

आत शांतता.

“तेजराम कापगते,” आवाजानं पुन्हा पुकारलं, जरा वैतागून.

“हाजिर,” तेजराम म्हणाले. त्यांनी म्हटलं असं नव्हे, ते तोंडातून निघालं.

आत स्टूल कोसळलं. काहीतरी जड वस्तू फरशीवर आपटली. मग थरथरत्या आवाजात बजरंगबलीचं नाव ऐकू आलं आणि पाठोपाठ, बाहेरचा जिवंत आहे की मेलेला, असा प्रश्न.

“कोन अस तैं? जियत अस के मरे अस?”

शेडमध्ये एकच माणूस होता. खाकी सदरा, साठीचं वय, हातात काठी, आणि ती काठी तेजरामांपेक्षा जास्त कापत होती. तो चौकीदार सुखराम. दोघांनी एकमेकांना हात लावून पाहिलं, तेव्हा कुठं दोघांचा जीव भांड्यात पडला. मग सुखरामनं मडक्यातलं पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. त्यात त्याला लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

मालकाला त्यानं पाहिलं नव्हतं. महिन्याला एक मुंशी येई, त्याचा पगार देई आणि हजेरी रजिस्टर तपासून जाई. काम एकच, रोज बावीस नावांपुढं हजेरी लावायची. लिहायला पाच मिनिटं लागत. उरलेला दिवस या ओस शेडमध्ये काढायचा कसा? म्हणून सुखराम मोठ्यानं नावं पुकारी आणि प्रत्येकाच्या वतीनं उत्तरही देई. वर्षभरात कोणाचा आवाज कसा, कोण आळशी, कोण तापट, हे त्याचं ठरून गेलं होतं.

“अकेल्ला नइ लागय,” तो म्हणाला. “सब्बो झन के संग बेरा कट जाथे.”

तेजरामांनी रजिस्टर उघडलं. पानामागून पान हजर, हजर, हजर. फक्त शेवटच्या ओळीत, त्यांच्या स्वतःच्या नावापुढं, जागोजाग लाल शाईचा शेरा होता. गैरहजर. एका महिन्यात अकरा वेळा.

“हे काय आहे?” त्यांचा आवाज चढला. “चौतीस साल में मैंने एक दिन भी बिना अर्जी के छुट्टी नहीं ली.”

“सब रोज हाजिर रहिहीं त जाँच वाला ला शक हो जाही, साहब. मुंशी कहिस, एक झन के नागा देखाय कर.”

“तो मेरा ही क्यों?”

“आपके नाँव आखरी म हे.”

तेजराम आणखी काही बोलणार होते, पण ‘आखरी’ या शब्दावर ते अडले. प्लांटच्या रीतीत पाळीप्रमुखाचा बिल्ला सगळ्यांच्या शेवटी लागतो. त्यांनी पान पहिल्यापासून पाहिलं. पहिला प्रेमानंद, कारण तो शेजारी. सातवा पुंडलिक. शेवटी आपण. ही ओळ त्यांनीच लावली होती, हातोडी घेऊन, एकेक खिळा मारत. व्हरांड्यातली फळी इथं रसमड्यात रजिस्टर होऊन पडली होती, आणि तिचे पाच फोटो त्यांनी पांढरा शर्ट घालून पाठवले होते. त्यांना खूप लाज वाटली. शेडमध्ये कोणी नव्हतं, तरी एकवीस माणसं आपल्याकडं बघताहेत असं त्यांना वाटत राहिलं.

“ए सात नंबर वाला बने आदमी ए,” सुखराम कौतुकानं म्हणाला. “जनवरी म सुपरवाइजर बन गे. एको दिन नागा नइ करिस.”

“वो मर गया है.”

सुखरामनं थोडा विचार केला. “तभे नागा नइ करय,” तो म्हणाला.

तेजरामांनी मोबाइलवर पानांचे फोटो काढले. जेवणाचा डबा सुखरामला दिला. फाटकाबाहेर येऊन त्यांनी स्कूटरला किक मारली, तोच फोन वाजला. तोच सभ्य आवाज.

“तेजरामजी, आज आप आए थे. हाजिरी लगवा दी है. और कोई शिकायत?”

तेजरामांनी मागं वळून पाहिलं. रस्ता मोकळा होता. सुखरामजवळ फोन दिसला नव्हता, आणि शेडच्या वळचणीला बसवलेला कॅमेरा त्यांना आत्ता दिसला.

“थाने जाने की तकलीफ मत कीजिए,” आवाज मायेनं म्हणाला. “हम अंदर से ही ठीक कर देंगे. बस अपने साथियों की पासबुक की एक-एक फोटो भेज दीजिए. ओटीपी नहीं चाहिए.”

एखाद्याला हो म्हणायची सवय लागली की ती सुटायला वेळ लागतो. तेजरामांच्या तोंडून ‘जी’ निघून गेलं. मग त्यांनी फोन कानापासून दूर केला, पडद्याकडं पाहिलं आणि बंद केला. घर येईपर्यंत तो खिशात सात वेळा वाजला.

संध्याकाळी त्यांनी भूमिकाला सगळं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला नाही, हे तिचे उपकार. पोर्टलवर ‘हे उत्पन्न माझं नाही’ अशी नोंद तिनं तिथल्या तिथं केली, पासवर्ड बदलला, १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवर तक्रार नोंदवली. ठाण्यात मात्र सांगण्यात आलं की बावीस नावं आहेत, तर बावीस जणांचं लेखी म्हणणं लागेल. म्हणजे बाकी सगळ्यांना सांगावं लागणार होतं की तुमचे कागद चोरीला गेले, आणि ते तेजराम कापगत्यांच्या व्हरांड्यातून गेले. तेजरामांनी आयुष्यात मिळवलेली एकच गोष्ट होती, की माणसं त्यांच्या शब्दावर यंत्रात हात घालत. ती आता जाणार होती.

“नोको सांगू तं?” त्यांनी सिंधुताईंना विचारलं.

“मंग रसमड्याले जात राहा,” सिंधुताई म्हणाल्या. नोकरी खोटी निघाल्यापासून त्या नरमल्या होत्या, पण इतक्याही नाही.

रविवारी सकाळी वीस जण व्हरांड्यात जमले. तेजरामांनी उभं राहून, काही न गाळता सांगितलं. मग एकानं विचारलं, “माझी सुट्टी किती शिल्लक हाये तिथं?” दुसऱ्याला पुंडलिक सुपरवायझर झाल्याचा राग आला होता. “त्याच्या हाताखाली मी? मी त्याले चार वर्षं सीनियर होतो.” हशा झाला, चहा झाला, आणि तेजरामांना वाटलं की निभावलं.

तेवढ्यात प्रेमानंद उठला. त्यानं पहिल्या खिळ्यावरची आपली यंदाची झेरॉक्स काढली, तिचे बारीक तुकडे केले आणि खिशात घातले. तेजरामांकडं त्यानं पाहिलं नाही. त्याच्यामागून एकेक जण उठला. म्हणणं लिहून देत, सही करत, आपापला कागद काढत सगळे निघून गेले. शेवटी तेजरामांनी आपलाही कागद काढला, आणि फळीवर सातव्या खिळ्याला एकच झेरॉक्स राहिली. पुंडलिकनं गेल्या जुलैत लटकवलेली. ती काढायला तो आला नव्हता, आणि दुसऱ्यानं काढायची नाही हा नियम तेजरामांनी वर्षभर पाळला होता. त्या दिवशी त्यांनी नियम मोडला, कागद घडी करून खिशात ठेवला आणि ते पुंडलिकच्या घरी, मरोद्याला निघाले.

पुंडलिकची बायको तुळसाबाई ओट्यावर चरोट्याची पालेभाजी निवडत बसल्या होत्या. तेजरामांनी पाणीही न घेता सगळं सांगितलं आणि मोबाइलमधला फोटो पुढं केला. तुळसाबाईंनी पडदा जवळ घेतला. सातवी ओळ त्यांना दाखवावी लागली नाही.

“एक बी दिवस नागा नाही?”

“नाही.”

“मरोदा डॅमवर मासोया धराले नाही गेले?”

“तिथं ते सुपरवायझर आहेत, वहिनी. म्हंजे, लिवलं हाये तसं.”

तुळसाबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग फोन परत देत म्हणाल्या, “तवाच मी म्हनो.”

“काय?”

“वर्षभर सपनात येते ममताचे बाबा, तं उभ्यानंच. अंगावर निळे कपडे. जेवाले बसा म्हनलं तं म्हन्ते, टाईम नाही, पाळी हाये. जित्तेपनी कधी कामाची अशी घाई नोती त्यायले. मी म्हनो, असं कावून करून राहिले?”

ऊन लख्ख होतं, शेजारी कोणाचा तरी रेडिओ चालू होता, तरी तेजरामांच्या अंगावर काटा आला. त्यांनी मागं दाराकडं पाहिलं नाही.

“मंग काढा त्यायचं नाव,” तुळसाबाई म्हणाल्या. “गुरुवारी बरसी हाये. बसून जेवतीन तरी.”

तेजरामांनी घरून लिहून आणलेला कागद दिला. तुळसाबाईंनी तो हातभर लांब धरला आणि बोट फिरवत, अडखळत वाचला. ‘माझे पती कै. पुंडलिक नाकाडे हे सदर कारखान्यात एकही दिवस हजर नव्हते.’ त्या पुन्हा पहिल्या शब्दावर गेल्या आणि पुन्हा शेवटच्यापर्यंत आल्या.

“अक्षर तुमचं हाये, भाऊजी.”

“हो.”

“वळखलं. असेच कागद येत घरी. ‘हजर नव्हते.’ पेटीत पडले हायेत अजून.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेजरामांना तो असता तर बरं वाटलं असतं. “ममता झाली त्या दिवशीचा बी हाये. हास्पिटलातून सायकल दामटत गेले ते. अकरा मिनिटं उशीर. अख्खी पाळी काम करून आले, अन् कागद आला, हजर नव्हते. त्याच साली सुपरवायझरचं हुकलं त्यायचं.”

“नियम होता, वहिनी,” तेजराम म्हणाले.

“ते बी तेच म्हनत. कापगते साहेबाचा नियम हाये, म्हनत.”

तुळसाबाईंनी पेन मागितलं. ओलसर बोटं लुगड्याला कोरडी केली आणि कागद गुडघ्यावर ठेवून एकेक अक्षर काढत सही केली. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि कागद तेजरामांच्या हातात दिला.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “या खेपेस तं खरं लिवलं तुमी.”

मग त्या चहा टाकायला उठल्या. तेजराम नको म्हणाले, पण जागचे हलले नाहीत.